समेट घडवणाऱ्यांना निवडतं कोण?

(बंगळूरच्या जयनगरात, चौथ्या ब्लॉकजवळच्या एका छोट्या सभागृहात, शिक्षण आणि नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी भाषक तरुण पदवीधरांसमोर केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)



मला विषय दिला होता 'सामाजिक संस्था आणि आपण'. तो फार मोठा आहे. मी त्यातला एक कोपरा घेते, कारण त्या कोपऱ्यात मी स्वतः बसलेली आहे. मी बँकेत नोकरी करते आणि गेल्या पाच वर्षांपासून एका मध्यस्थी संस्थेच्या बोर्डावर खजिनदार आहे. बिनपगारी काम. संस्थेचं नाव घेणार नाही आणि जी प्रकरणं सांगेन त्यांचे तपशील थोडे बदललेले आहेत, कारण मध्यस्थीत बोललेलं बाहेर सांगायचं नाही हा नियम आहे आणि तो मला मान्य आहे.

संस्थेचं काम साधं आहे. घरमालक-भाडेकरू, भावाभावांची वाटणी, गळकी गच्ची, पार्किंग, थकलेला पगार, अशी भांडणं कोर्टात जाण्याआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं आणि त्यांनाच तोडगा काढायला मदत करायची. हे काम प्रशिक्षण घेतलेले मध्यस्थ करतात. बोर्ड करत नाही. बोर्ड फक्त ठरवतं: मध्यस्थ कोण होणार, कोणतं प्रकरण घ्यायचं, कोणतं नाही, पैसा कुठून आणायचा, आणि वर्षाच्या शेवटी 'यश' कशाला म्हणायचं. बाहेरच्या माणसाला हे कारकुनी वाटतं. मलाही वाटायचं. आज मी तुम्हाला एवढंच सांगायला उभी आहे की एखादी गोष्ट भांडण आहे की अन्याय, हे मध्यस्थाच्या खोलीत ठरत नाही. ते त्याआधीच, बोर्डाच्या टेबलावर ठरलेलं असतं. म्हणून त्या टेबलाभोवती कोण बसलंय हे बघायला लागतं.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. माझ्या वडिलांमुळे कळलं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या शिवेजवळच्या एका गावची. आमच्या अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात काम केलं. आमच्या वस्तीतून मसणवट्याकडे जाणारी वाट एका शेताच्या बांधावरून जायची. एका वर्षी शेतमालकाने तिथे काटेरी फेस लावला. वस्तीत मयत झाली, तेव्हा अण्णांनी तो फेस बाजूला केला. दुसऱ्या दिवशी त्यांना भर रस्त्यात जातीवरून शिव्या बसल्या आणि कानाखाली बसली. अण्णा पोलीस ठाण्यात गेले. तिथे त्यांना सांगितलं, आधी गावातल्या समितीकडे जा.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गावात ही समिती होती. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातली भांडणं गावातच मिटवायची, मिटवलेल्या तंट्यांवर गुण मिळायचे आणि गुणांवर गावाला लाखांत पुरस्कार. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. बांधाच्या चार फुटांसाठी दोन पिढ्या कोर्टात घालवणारी घरं मी पाहिली आहेत. कागदावर नियमही होता की कायद्याने तडजोड होऊ शकते तेवढेच गुन्हे समितीने हाताळायचे. पण गुन्हा नोंदलाच गेला नाही, तर तो तडजोडीचा की बिनतडजोडीचा हे विचारणार कोण?

समिती देवळाच्या पारावर बसली. अण्णा खाली उभे. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीला आले होते, लांबून बघत होते. अर्ध्या तासात मिटलं. वाट मोकळी करायची, आणि दोघांनी एकमेकांची माफी मागायची. अण्णांनीही. कशाची, ते कोणी सांगितलं नाही. कागदावर लिहिलं: 'रस्त्याच्या वापरावरून किरकोळ वाद, आपसात मिटला.' शिव्या त्या कागदात नव्हत्या. कानाखाली बसलेली त्या कागदात नव्हती. अण्णांनी सही केली. ते सही शिकले होते याचा त्यांना अभिमान होता, म्हणून अंगठा दिला नाही.

आता महत्त्वाचं ऐका. त्या समितीवर आमच्या वस्तीतला माणूस नव्हता असं नाही. एक काका होते. ते त्याच शेतमालकाकडे सालगडी होते. ते मान खाली घालून बसले होते. आमच्या माणसाला बसवलं होतं, पण बोलता येईल अशा जागी नव्हतं बसवलं. दोन पेरण्या झाल्या आणि वाट पुन्हा बंद झाली. मधल्या काळात गावाच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' अशी पाटी लागली होती.

पुढे मी पदवी घेतली, बँकेच्या परीक्षा दिल्या, आणि बाबासाहेब वाचायला लागले. तेव्हा कळलं की अण्णांच्या बाबतीत २००८ मध्ये जे झालं त्याचा इशारा ७६ वर्षं आधीच देऊन झाला होता. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. गावच्या पंचायतीला न्यायदानाचे अधिकार द्यायला त्यांचा विरोध होता. जातींनी फाटलेल्या गावात निवडून आलेले पंच गावाच्याच दडपणाखाली असणार, त्यांच्याकडून निःपक्ष न्याय कसा मिळेल, हा त्यांचा मुद्दा. आणि प्रौढ मताधिकार दिला तरी अस्पृश्य गावोगाव अल्पसंख्य आहेत, त्यांना स्वतंत्र राखीव प्रतिनिधित्व लागेल, हीही मागणी. म्हणजे दोन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले: पंच कोण आहे, आणि तो कोणाच्या मेहेरबानीवर तिथे बसलाय?

त्याच वर्षी, त्याच शरद ऋतूत, हाच प्रश्न एका संस्थेच्या बोर्डाबद्दलही उभा राहिला. पुणे करार २४ सप्टेंबर १९३२चा. त्यानंतर आठवड्याभरात मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली, जिचं नाव पुढे हरिजन सेवक संघ झालं. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव अ. वि. ठक्कर. सुरुवातीच्या केंद्रीय मंडळावर बाबासाहेबांचं नाव होतं, एम. सी. राजा आणि आर. श्रीनिवासन यांचंही होतं. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, बोटीवरून बाबासाहेबांनी ठक्करांना लांब पत्र लिहिलं. विहीर, शाळा, चावडी, रस्ता इथले नागरी हक्क मिळवण्यासाठी लढा, कामाच्या समान संधी, माणसामाणसातला खरा व्यवहार, असा कार्यक्रम त्यांनी मांडला आणि काम करणारे कार्यकर्ते अस्पृश्यांतून घ्या असं सुचवलं. त्या पत्राची साधी पोचही आली नाही असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. ते त्या संस्थेतून बाहेर पडले. मंडळावर अस्पृश्यांचं प्रतिनिधित्व हवं अशी मागणी घेऊन लोक गांधीजींकडे गेले, तेव्हा उत्तर मिळालं की ही संस्था प्रायश्चित्ताची आहे. देणेकरी सवर्ण आहेत, फेड त्यांनी करायची आहे, म्हणून कारभारही त्यांनीच बघायचा.

मी बँकेत काम करते. कर्ज कसं फेडायचं हे फक्त कर्जदाराने ठरवायचं, असा व्यवहार मी अजून पाहिलेला नाही.

याच्या शेजारी आठ वर्षं आधीची एक संस्था ठेवून बघा. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, मोठे वकील, सवर्ण. उपाध्यक्षांतही समाजाबाहेरची प्रतिष्ठित नावं होती. म्हणजे बाबासाहेबांनी बाहेरच्यांना दार बंद केलं नाही. पण व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, सचिव सीताराम शिवतरकर, खजिनदार निवृत्ती जाधव. कार्यक्रम, पत्रव्यवहार आणि पैसा आपल्या लोकांच्या हातात. याच सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. मी सोलापुरात मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहून शिकले. दोन्हींचा थेट संबंध नाही, पण माझ्या डोक्यात तो जोडला गेला आहे. एका संस्थेत आपली माणसं यादीत होती आणि दुसऱ्या संस्थेत आपली माणसं कारभारात होती. हा फरक तेवढा लक्षात ठेवा, आता जयनगरात येते.

जयनगर तुम्ही बघताच आहात. स्वातंत्र्यानंतर लगेच आखलेली वसाहत, रुंद रस्ते, झाडं, बागा. मी बदलीवर इथल्या भागात आले तेव्हा पहिला महिना घर शोधण्यात गेला. 'नॉनव्हेज खाता का?' या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की घर 'कालच गेलेलं' असायचं. तुमच्यातले किती जण हसताय बघा. म्हणजे तुम्हालाही कालच गेलेली घरं भेटली आहेत.

संस्थेचे एक बोर्ड सदस्य आमच्या शाखेचे ग्राहक होते. त्यांनी विचारलं, खजिनदार व्हाल का, आम्हाला हिशोब जाणणारं माणूस हवंय, आणि खरं सांगायचं तर थोडी डायव्हर्सिटीही हवीय. माणूस चांगला आहे, मनापासून बोलला. मी हो म्हटलं. सात जणांचं बोर्ड. एक निवृत्त न्यायिक अधिकारी, दोन वकील, एक मॅनेजमेंटचे प्राध्यापक, एक मानसोपचार समुपदेशक, संस्थापक बाई आणि मी. पाच जण चालत येतील इतक्या अंतरावर राहणारे. सगळे सुशिक्षित, नम्र, जातीचा विषय निघाला की अवघडणारे. सगळ्यांचे वडील नाहीतर आजोबा पदवीधर. मी एकटीच अशी होते की जिच्या घरात 'मिनिट्स' हा शब्द घड्याळापुरता होता.

पहिल्या वर्षी काय झालं ते सांगते. त्यासाठीच खरं तर आले आहे.

दर तिमाहीला मिटलेल्या प्रकरणांचा गोषवारा बोर्डापुढे येतो. त्यात एक होतं: 'भाडेकराराविषयी गैरसमज; ॲडव्हान्स परत; दोन्ही पक्ष समाधानी.' मी हिशोब बघते, म्हणून ॲडव्हान्सची रक्कम तपासायला फाइल उघडली. मुलगा पंचवीस-सव्वीसचा, इंजिनियर, आपल्यातला. करार झाला, पैसे दिले, सामान आणलं, आणि घरमालकांना आधार कार्डाच्या प्रतीवर आडनाव दिसलं. मग गावाकडची चौकशी, मग 'आमच्या आईचं वय झालंय, सोवळं असतं'. मध्यस्थीत मुलाला पैसे परत मिळाले आणि दुसरं घर बघायला पंधरा दिवस मिळाले. त्याने समाधानाच्या रकान्यात खूण केली. कदाचित त्याला खरंच तेवढंच हवं होतं, पैसे आणि पंधरा दिवस. मी त्याच्या वतीने रागवायला कोण?

पण 'गैरसमज' हा शब्द माझ्या घशात अडकला. तिथे कोणाचाही कसलाही गैरसमज झाला नव्हता. घरमालकांना सगळं बरोबर समजलं होतं. बैठकीत गोषवारा मंजुरीला आला. संस्थापक बाई म्हणाल्या, छान झालं, एक प्रकरण कोर्टात जाता जाता वाचलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. इतिवृत्तावर सही केली, सुवाच्य अक्षरात. घरी जाताना आठवलं की अण्णांनीही अशीच सुवाच्य सही केली होती. फरक एवढाच की ते पाराखाली उभे होते आणि मी पारावर, खुर्चीत बसले होते. त्या रात्री मला सालगडी काका समजले. मी कोणाची सालगडी नव्हते, तरीही गप्प बसले होते. त्या खोलीत मला सगळ्यांनी चांगलं म्हणावं असं वाटत होतं, बस.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. कोर्टाचा निकाल चुकीचा असला तरी तो कागद उघडा असतो. उद्या कोणी संशोधक दहा वर्षांचे निकाल काढून सांगू शकतो की बघा, असं होतंय. मध्यस्थी गोपनीय असते. ती गोपनीय असायलाच हवी, नाहीतर लोक मोकळं बोलणार नाहीत. पण मग त्या मुलासारखी दहा मुलं दहा वेळा 'गैरसमज' म्हणून मिटली, तर त्यातली रांग दिसते कोणाला? फक्त बोर्डाला. आणि बोर्डावरच्या कोणालाच आडनावामुळे घर नाकारलं गेलेलं नसेल, तर तिथेही ती दिसत नाही.

दुसरं प्रकरण तिसऱ्या वर्षीचं. पहाटेपासून रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिक बायका सकाळी एका बागेत बसून डबा खात. या शहरात हे काम बहुतेक करून दलित बायकाच करतात, हे तुम्हाला सांगायला नको. रहिवासी संघाची तक्रार आली: बागेत बसतात, घाण होते, बाकं अडतात. शीर्षक होतं 'उद्यानाच्या वापराबाबत वाद'. आमच्या कार्यालयातली तरुण मुलगी बायकांकडे गेली तेव्हा एकीने सांगितलं की एका रहिवाशाने सगळ्यांसमोर जातीचं नाव घेऊन शिवी दिली आणि बाकावर पाणी ओतून घेतलं. त्या मुलीला कळेना की हे नोंदवायचं कुठे, म्हणून तिने फाइल बोर्डाकडे पाठवली. तिचे मी आजही आभार मानते.

बोर्डावर चर्चा सुरू झाली. सगळ्यांचा कल चांगुलपणाकडे. दोन्ही बाजूंना एकत्र कॉफीला बोलवू, माणसं भेटली की कडवटपणा जातो. या वेळी मी बोलले. आवाज कापत होता, पण कागदावर मुद्दे लिहून नेले होते. मी म्हटलं, यात दोन गोष्टी आहेत. बागेत कोणी कधी बसायचं, हे भांडण आहे, त्यावर बसू या. सार्वजनिक जागी, लोकांदेखत जातीवरून शिवी देणं हे भांडण नाही. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) वाचा. तो गुन्हा आपल्याला मिटवता येत नाही. क्वचित एखाद्या प्रकरणात वरची न्यायालयं तडजोडीचा विचार करतात, तो त्यांचा अधिकार आहे, कॉफीच्या टेबलाचा नाही. आणि कॉफीच्या वेळी त्या बाईंचा खाडा पडेल तो कोण भरणार? मेस्त्रीसमोर त्या मोकळं बोलू शकतील का? मध्यस्थ कोण असेल? आपल्या यादीतले किती मध्यस्थ त्यांची बोली बोलतात?

शांतता पसरली. प्राध्यापक म्हणाले, आपण तटस्थ राहायला हवं. निवृत्त अधिकाऱ्यांनी मात्र माझी बाजू घेतली. ते म्हणाले, जे मिटवण्याचा अधिकारच आपल्याला नाही, त्यात तटस्थ राहण्याचा प्रश्न येत नाही. शेवटी प्रकरण दोन भागांत वाटलं. बागेचा भाग मध्यस्थीला गेला. सकाळची वेळ ठरली, बाकं ठरली, पिण्याच्या पाण्याची सोय झाली. शिवीच्या भागावर इतिवृत्तात लिहिलं की हा विषय मध्यस्थीयोग्य नाही. त्या बाईंना तक्रारीचा हक्क कन्नडमध्ये समजावून सांगितला, आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीला किंवा कोणत्याही स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो हेही सांगितलं. १५१०० हा त्याचा हेल्पलाइन क्रमांक आहे, तुम्हीही लिहून ठेवा.

त्या बाईंनी तक्रार केली नाही. त्या म्हणाल्या, अक्का, मला रोज याच रस्त्यावर यायचंय. मी विजयाची गोष्ट सांगत नाहीये. पण निर्णय त्यांचा होता, आणि कागदावर खोटं लिहिलं गेलं नव्हतं. अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "बसायला कुठं मिळालं तिला?" मी म्हटलं, बाकावर, सावलीत. "मग बरं," म्हणाले.

आता हे प्रश्न फक्त आमच्या संस्थेचे राहिलेले नाहीत. २००७ या एकाच वर्षी महाराष्ट्रात तंटामुक्ती सुरू झाली आणि इथे कर्नाटक उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली बंगळूर मध्यस्थी केंद्र सुरू झालं. तेव्हापासून मध्यस्थी वाढतेच आहे. २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थी कायदा केला. त्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे, कलम ४३ आणि ४४. एखाद्या भागातल्या रहिवाशांच्या शांततेवर परिणाम करणारे तंटे, दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीने, तीन मध्यस्थांपुढे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कायद्याची काही कलमं लागू झाली, त्यात ही दोन नव्हती. म्हणजे आत्ताच वाचून ठेवायला वेळ आहे.

मध्यस्थांच्या यादीत कोण असावं? कायदा सांगतो: समाजात मान असलेली सचोटीची व्यक्ती, समाजकार्यासाठी ओळखली गेलेली स्थानिक व्यक्ती, रहिवासी संघाचा प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेली व्यक्ती, आणि योग्य वाटेल अशी अन्य कोणी. आता अण्णांच्या गावात मान कोणाला होता ते आठवा. बागेच्या प्रकरणात तक्रारदार कोण होतं ते आठवा. रहिवासी संघ! तोच यादीत. आणि स्त्रिया किंवा इतर वर्गांचं प्रतिनिधित्व? ते 'विचारात घेता येईल'. घ्यावंच लागेल असं नाही. बाबासाहेबांनी १९३२ मध्ये मागितलं ते सक्तीचं प्रतिनिधित्व अजून 'येईल'वर अडकलं आहे. त्यात दोन गोष्टी बऱ्या आहेत: फौजदारी खटल्याचे विषय मध्यस्थीत बसत नाहीत असं कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात म्हटलं आहे, आणि सामुदायिक मध्यस्थीतला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा लादता येत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच आहे असंही समजू नका. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७६ साली रेमंड शॉनहोल्ट्झ यांनी 'कम्युनिटी बोर्ड्स' सुरू केलं. वस्तीतल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांनाच मध्यस्थ म्हणून बसवायचं, ही तिची कल्पना. त्याच देशात लॉरा नेडर या मानववंशशास्त्रज्ञ बाई वर्षानुवर्षं सांगत आल्या की सलोख्याचा आग्रह अनेकदा दुबळ्याला गप्प करण्यासाठी वापरला जातो. दोन्ही खरं आहे. मध्यस्थी आपल्या लोकांच्या उपयोगाची आहे. थकलेली मजुरी, अडकलेलं डिपॉझिट, नवऱ्याच्या भावांनी दाबलेला वाटा, यासाठी कोर्टात बारा वर्षं काढायची ऐपत आपल्याकडे नसते. म्हणून मी बोर्ड सोडलं नाही.

आणि म्हणून तुम्हाला सांगते, बोलावणं आलं तर जा. तुमच्यातल्या सी.ए., वकील, शिक्षक, सॉफ्टवेअरवाल्यांना ते येणारच आहे, कारण सगळ्यांना आता डायव्हर्सिटी हवी आहे. पण जाताना काही गोष्टी मागून घ्या.

संस्था ट्रस्ट आहे, सोसायटी आहे की सेक्शन ८ कंपनी, ते विचारा आणि तिची घटना किंवा उपविधी मागा. घरी बसून पूर्ण वाचा. कोरम किती, मत कोणाला, सदस्याला काढता कसं येतं, हे त्यात असतं. बोर्डावर आपल्यातलं आणखी कोण आहे ते विचारा. एकटे असाल तर सहा महिन्यांत दुसरं नाव सुचवा, आणि ते नाव पदवीधरच असायला हवं असं नाही. आमच्या बोर्डावर आता घरकामगार संघटनेत काम केलेली एक बाई आहे. ती माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारते. कोणती प्रकरणं मध्यस्थीला घ्यायचीच नाहीत याची लेखी यादी मागा. नसेल तर करायला लावा. मध्यस्थ कोण निवडतं, त्यांना कोणत्या भाषा येतात, बैठका कोणत्या वेळी होतात, रोजंदारीवाल्याचा खाडा कोण भरतं, ते बघा. आणि इतिवृत्त सही करण्याआधी वाचा. पटलं नाही तर तीन शब्द म्हणायला शिका: 'माझी असहमती नोंदवा.' भांडायची गरज नाही, आवाज चढवायची गरज नाही. नोंदवा म्हणायचं. मला हे तीन शब्द यायला दोन वर्षं लागली. तुम्हाला ते आज मिळाले.

एक भीती मला माहीत आहे. आपण पहिल्यांदा त्या खोलीत शिरलेलो असतो. चहा चांगल्या कपात येतो. कोणी आडनाव विचारत नाही. वाटतं, आता कशाला कोणाला दुखवायचं. ती भीती तुमची एकट्याची नाही, आणि तिची लाज वाटून घेऊ नका. फक्त तिच्या बाजूने सही करू नका.

आमच्या गावच्या वेशीवरची पाटी अजून आहे. अक्षरं पुसट झाली आहेत. मसणवट्याची वाट या वर्षी ग्रामपंचायतीच्या नोंदीत चढवण्यासाठी वस्तीतल्या दोन मुलांनी अर्ज दिला आहे. दोघंही पदवीधर. एकाने मला फोन करून विचारलं, ताई, ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत मागता येते का? येते म्हटलं. माग. आणि पोच घे.

जयभीम.